घराभोवतीचं आळं

आबा, पट्टी फाटली.

मागच्या खोलीत, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जो तडा तिरपा उतरत जातो, त्याच्यावर तुम्ही कॅलेंडरच्या कागदाची पट्टी कणकेच्या खळीने चिकटवली होती, ती. आखाजीची झाडलोट काढली म्हणून तुमचा पलंग सरकवला, तर पट्टी मधोमध चिरलेली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आबा, भिंत बोलली बरं का!" रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तुम्ही विचारायचात ना, "बोलली का व भिंत?" त्याचं हे उत्तर. उत्तर देऊन झाल्यावर दिसलं की पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली आहे. झाडू हातात धरून मी तिथेच खाली बसले आणि पोट भरून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, फोन, ह्यांना सावरणं, ह्यात मला धड रडताही आलं नव्हतं. ते राहिलेलं काम एवढ्याशा कागदाने करून घेतलं.

आता तोंड धुऊन लिहायला बसले आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि मला ते तसं ठेवणं बरं वाटत नाही. उद्या आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. परवा रशीद मिस्तरी कुदळ-फावडं घेऊन येणार. त्याच्या आत मागच्या केळीचं आणि भिंतीचं काय करायचं ते ठरवायचं आहे, आणि नेमकं ह्याच वेळी मला आडवं यायला तुम्ही नाही.

लोकांच्या घरी सासऱ्या-सुनेचं वाजतं ते भाजीतल्या मिठावरून, नाहीतर टीव्हीच्या आवाजावरून. आपलं वाजलं पाण्यावरून. तेही पिण्याच्या नव्हे, घराच्या पायाशी साचणाऱ्या पाण्यावरून. कोणाला सांगितलं तर हसतील. पण सासूबाई गेल्यावर तुम्ही यावलकडचं गाव सोडून जळगावला आमच्याकडे राहायला आलात, तेव्हापासून हे भांडण आपल्या घरात एखाद्या माणसासारखं राहिलं. आणि खरं सांगू का, त्या भांडणामुळेच आपण एकमेकांशी इतकं बोललो. नाहीतर तुम्ही पेपरमागे आणि मी ओट्यापाशी, असंच चाललं असतं.

तुम्ही आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. रिक्षा फाटकाशी थांबली. तुमच्या मांडीवर कपड्यांची पिशवी, पायाशी गोणपाटात गुंडाळलेले केळीचे कंद, आणि रिक्षाच्या टपावर दोरीने आवळलेलं काळ्या नळीचं हे मोठं भेंडोळं. शेतातली जुनी ठिबकची नळी. मी म्हटलं, "आबा, ही कशाला आणली? इथे कुठे वावर आहे?" तुम्ही म्हणालात, "असू दे. कामाले येते." ते भेंडोळं गच्चीवर गेलं आणि तिथेच राहिलं. दर दिवाळीला मी ते भंगारवाल्याला द्यायला काढायचे आणि दर दिवाळीला तुम्ही ते परत वर नेऊन ठेवायचात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन घराभोवती फिरताय. मला वाटलं सूर्याला अर्घ्य देताय. तर तुम्ही दर चार पावलांवर थोडं पाणी जमिनीवर ओतायचात, वाकून बघायचात आणि पुढे सरकायचात. पाणी कुठे पळतं ते बघत होतात. आपलं घर मेहरूणच्या तळ्यापलीकडच्या वस्तीत. आधी तिथे कपाशीचं वावर होतं, खाली सगळी काळी माती. बिल्डरने घर बांधून दिलं, भोवतालची जमीन मात्र जशी होती तशीच सोडून दिली. मागच्या बाजूला तुम्ही तांब्या रिकामा केलात आणि ते पाणी वळसा घेऊन सरळ भिंतीच्या बुडाशी गेलं.

"पाहा," तुम्ही खूश होऊन म्हणालात, "पान्याले घराकडं यावंसं वाटते."

मी भिंतीच्या बुडाकडे टक लावून उभी राहिले. तुम्हाला वाटलं सुनबाई कौतुकाने बघतेय.

तिथेच, न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे, तुम्ही कंद लावलेत. तुमच्याकडे प्रत्येकाच्या मोरीपाशी केळ असतेच, पाणी वाया जायला नको म्हणून. केळीला मातीचं आळं केलंत. केळ माजली, तशी आळं मोठं केलंत. मग गच्चीचं पाणी ज्या पाइपाने खाली येतं त्याचं तोंड आळ्याकडे वळवलंत. मग बाजूच्या बोळात एक बांध, पुढच्या अंगणात एक. एका संध्याकाळी शाळेतून आले आणि फाटकातून आत येता येता मला एकदम कळलं की तुम्ही केळीला नाही, घरालाच आळं केलंय. चहूबाजूंनी मातीची कड आणि मध्ये आपलं घर, खोडासारखं उभं. पडेल ते पाणी आत राहील, मुळाशी मुरेल. सगळं आयुष्य बागेत काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

"आबा, हे घर आहे, ह्याला घड नाही लागणार," मी म्हटलं.

"मुयाशी वल पाहिजे व पोरी," तुम्ही म्हणालात. "मूय कोन्तंबी असो."

माझी भीती कुठली, हे तुम्हाला मी एकदाच सांगितलं होतं. दोंडाईच्याला आमचं माहेरचं घर. मागच्या भिंतीला लागून शेजारच्यांचा गोठा, आणि गोठ्याचं सगळं पाणी आमच्या पायाशी साचायचं. कोणी काही केलं नाही, रोजचंच होतं ते. एका पावसाळ्यात आई त्या भिंतीला टेकून मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. चहा टाकायला म्हणून उठली, चुलीपाशी गेली, आणि मागे ती भिंत बसली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही, नुसता धप्प. लाल मिरच्यांच्या ढिगावर मातीचा ढीग. आईला काही झालं नाही, पण आजही पावसाळ्यात भिंतीच्या कडेला पाणी चमकताना दिसलं की माझ्या नाकात मिरचीचा खकाणा भरतो. म्हणून मी तुमच्याशी भांडत होते. माझ्या दृष्टीने पाणी पायाशी थांबलं की संपलं.

आणि तुमच्या दृष्टीने? ते तुम्ही त्या थंडीत सांगितलंत. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून आपण भरताची वांगी भाजत होतो. तुम्ही काडीने वांगं परतत होतात आणि बोलता बोलता गावच्या बोअरवर आलात. बाग निसवलेली, घड बाहेर पडलेले, केळफुलांची कमळं लोंबायला लागलेली, आणि बोअर आटला. मोटार सुरू केली की पाइपातून नुसती हवा यायची. तुम्ही म्हणालात, रोज जाऊन पाइपाच्या तोंडाला हात लावून बघायचो, हवा गार लागायची, वाटायचं मागून पाणी येतंय. आलं नाही. बाग उभ्या जागी करपली.

"ज्यानं उभी बाग वायताना पाह्यली," तुम्ही विस्तवाकडे बघत म्हणालात, "त्यानं पान्याले 'जा' म्हनू नाही."

मी वांगी सोलली, ठेचा घातला, तुम्हाला पहिली कळण्याची भाकरी वाढली. पण पाया तो पाया. दुसऱ्या दिवशी मी फाटकापाशी कुदळ घेऊन पाण्याला वाट करून दिली. घरापासून रस्त्याच्या गटारापर्यंत सरळ चारी, चांगला ढाळ देऊन. तुम्ही ओट्यावर बसून बघत होतात. बोलला नाहीत, म्हणजे तुमच्या मनात काही शिजत होतं.

काय शिजत होतं ते श्रावणात कळलं. दोन दिवस झड लागलेली. सकाळी दार उघडलं तर अंगण नाहीच. पायरीपासून कुंपणापर्यंत पाणी, त्यात माझी एक चप्पल तरंगतेय, आणि बेडकांनी सभा भरवलेली.

"आबा! चारी कोणी बुजवली?"

"मीनंच. पानी भाईर चाल्लं व्हतं."

"बाहेरच जायला पाहिजे ते!"

"का बरं? त्यानं काय चोरी केली?"

मग माझ्या तोंडून माहेरची अहिराणीच बाहेर पडली. "आबा, बठ्ठं पानी पायामा जाई ऱ्हायनं शे! घर बशी जाई!" पदर खोचला, फावडं घेतलं आणि गुडघाभर पाण्यात उतरले. मागे तुम्ही छत्री घेऊन. मला वाटलं अडवायला आलात. तर तुम्ही छत्री माझ्या डोक्यावर धरलीत, स्वतः भिजत उभे राहिलात आणि शिकवायला लागलात. "तुझं शे-शे नंतर कर. फावडं आडवं मार, उभं नको. मधातून नाही, कडंनं फोड. मधातून फोडलं त समदी माती वाहून जाते." तुमचाच बांध, तुम्हीच घातलेला, आणि तो कसा फोडायचा हे तुम्हीच मला दाखवत होतात. पाणी सुटलं तेव्हा आपण दोघेही "गेलं, गेलं" म्हणून ओरडलो. पलीकडच्या घरातली माणसं खिडकीत उभी राहून हसत होती. तुम्हीही हसत होतात, पण पाणी रस्त्यावर जाऊन दिसेनासं होईपर्यंत तुमची नजर त्याच्या मागे गेली, हे मी पाहिलं.

त्याच पावसाळ्यात तो तडा दिसला. रशीद मिस्तरींना बोलावलं. ते म्हणाले, काळी माती पाणी पिऊन फुगली, तिने भिंतीचं एक टोक वर उचललं. मी तुमच्याकडे असं बघितलं की चिरंजीवांनी चहाचं निमित्त करून पळ काढला. चिरंजीव म्हणजे माझा नवरा, तुमचा एकुलता एक, ज्याने उभ्या आयुष्यात आपल्या दोघांपैकी कोणाचीही बाजू घेतली नाही. काहीही विचारा, उत्तर एकच: "तुम्ही दोघं ठरवा."

आपण दोघांनी ठरवलं. तुम्ही कॅलेंडरचा उलटून गेलेला महिना फाडलात, पट्टी कापलीत, खळ करून तड्यावर आडवी चिकटवलीत. पट्टी फाटली तर भिंत हलली, नाही फाटली तर नाही. जे काय सांगायचं ते भिंत सांगेल, आपण ओरडायचं नाही. पहिली पट्टी त्याच पावसाळ्यात फाटली आणि तुम्ही फावडं घेऊन बोळातले बांध मोडलेत. चारी उघडी राहू लागली. केळीचं आळं मात्र मी काढू शकले नाही. "तेवढं असू दे," तुम्ही म्हणालात, आणि मला तुमचा तो विस्तवापुढचा चेहरा आठवला. मी असू दिलं.

इथवर मी जिंकले होते, असं मी समजत होते.

उन्हाळ्यातलं तुमचं एक वेड मात्र मला कधी कळलं नाही. होळी झाली की तुम्ही संध्याकाळी बादली घेऊन निघायचात. धुण्याचं पाणी, भांड्यांचं पाणी, कूलरमधलं शिळं पाणी, काही सोडायचा नाहीत. घराच्या चारही बाजूंनी भिंतीच्या बुडाला हळूहळू ओतत जायचात, आणि कुठे केळ नसली तरी ओतायचात. मी म्हणायचे, "आबा, पावसाळ्यात मी पाणी बाहेर काढते आणि उन्हाळ्यात तुम्ही आत घालता. ह्या घराने करायचं तरी काय?" तुम्ही भुईकडे बोट दाखवायचात. कुंपणाजवळ जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. "कायी माती हाये व. तहानली का मागं सरते. मंग घर कुठी टेकंल?" मला वाटायचं, ह्या माणसाला जिकडेतिकडे बागच दिसते. "बरं," म्हणायचे आणि आत निघून जायचे.

आणि मग ती शेवटची दुपार. महाशिवरात्र होऊन गेली होती. तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, खिडकीशी पलंग लावला होता. तुमचं बोलणं फार हळू झालं होतं. मी मोसंबीचा रस चमच्याने पाजत होते. तुम्ही मध्येच हात धरलात.

"पानी टाकलं का?"

"टाकलं की. न्हाणीचं जातंच आहे केळीला."

"केयीले नाही व," तुम्ही म्हणालात. "भिंतीले."

"भिंतीला कोण पाणी घालतं, आबा? तुम्ही झोपा बघू."

तुम्ही हसलात. मला वाटलं, भ्रमात बोलताय. आता वाटतं, तुम्ही अगदी शुद्धीवर होतात आणि माझंच बोलणं मला पुढे हसवेल हे ओळखून हसत होतात. त्यानंतर आपलं असं बोलणं झालंच नाही. तुम्ही गेलात, आणि तुमची बादली न्हाणीत उपडी पडून राहिली.

तुम्ही गेल्यावर मी मिस्तरींना फोन केला. खोटं कशाला बोलू, थोडी सुटका झाल्यासारखी वाटली होती. आता आळं काढता येईल, केळ तोडता येईल, भिंतीला लागून चारही बाजूंनी फरशीचा पट्टा आणि बाहेर ढाळ. मी ह्यांना म्हटलं, "करून टाकू ना?" हे म्हणाले, "तूच ठरव."

"तुम्ही दोघं ठरवा" मधलं 'दोघं' एवढं मोठं होतं हे मला तेव्हा कळलं.

आणि आज ही पट्टी. आबा, पाऊस नाही. आळ्यात पाणी नाही, न्हाणीचा पाइपच मिस्तरींनी सांगितलं म्हणून गटाराकडे वळवून घेतलाय. भिंतीच्या आसपास होळीपासून थेंब पडलेला नाही. मला पाहिजे होतं तस्सं कोरडं ठणठणीत. आणि पट्टी फाटली. खाली वाकून बघितलं तर जोत्याच्या आणि मातीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट पडली आहे, घराभोवती सगळीकडे. माती मागं सरली आहे. मग मी आठवून बघितलं: ह्याआधी उन्हाळ्यात पट्टी कधी फाटली होती? तुम्ही बादली घेऊन फिरायचात त्या एकाही उन्हाळ्यात नाही.

मिस्तरींना फोन लावला. ते म्हणाले, "भाभी, ही माती पावसात फुगते और धूप में सिकुडते. दोन्हीकडून घराला धक्का. बाबा उन्हाळ्यात पानी डालते थे क्या?"

"हो," मी म्हटलं.

"फिर बराबर करते थे."

म्हणजे असं आहे आबा. पावसाळ्यात माझं बरोबर होतं आणि उन्हाळ्यात तुमचं. आणि आपण दोघं बाराही महिने भांडत होतो.

हे काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज आखाजी झाली.

दरवर्षी आजच्या दिवशी मी माहेरी असते. झोका, गाणी, मैत्रिणी, आणि तुम्ही फोन करून विचारायचात, "तुमच्या शे-शेवाल्यायच्या गावात खापरावरची पोयी चांगली व्हते का आपल्याकडं?" ह्यावर्षी गेले नाही. तुमच्या नावाची नवी घागर भरायची होती. सकाळी मी ती धुऊन भरली, गळ्याला दोरा गुंडाळला, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. खापरावर पुरणपोळ्या केल्या, सांजोऱ्या केल्या, आमरस केला, कुरडया तळल्या. निखाऱ्यावर आगारी, तुमच्या नावाचा घास, टाकायला हे बसले. पुरणाचा वास आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आबांना पोळी कडेची लागायची, करकरीत." मी कडेचा तुकडा मोडून निखाऱ्यावर ठेवला.

नैवेद्याच्या ताटात केळी तुमच्याच. तुम्ही पडून होतात तेव्हा निसवली होती ती. तुम्ही खिडकीतून तिचं कमळ बघत होतात. घड भरला होता, काही फण्या पिवळ्या व्हायला लागल्या होत्या. ह्यांनी घड उतरवला आणि मग कोयता हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. घड दिलेली केळ ठेवायची नसते, तिचं पील, बुडाशी फुटलेलं पिल्लू, पुढे धरायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. मी मान हलवली. केळ तोडली. बुडाशी तलवारीच्या पात्यासारख्या पानांचं एक जोमदार पील होतं, ते मी कंदासकट हाताने मोकळं केलं आणि पोत्यात माती भरून त्यात लावून टाकीच्या सावलीला ठेवलं. ह्या उन्हात हलवलेलं तुम्हाला आवडलं नसतं. "आता लावते का कोन्ही?" तुम्ही म्हणाला असतात. मृगापर्यंत पोत्यात राहील, मग लांबच्या कोपऱ्यात, कुंपणाशी.

आणि आळंही तिथेच करणार आहे. उद्याचं आता असं ठरलंय, आणि हे मी ठरवलं म्हणा की आपण दोघांनी, तुमच्यावर आहे. भिंतीला लागून फरशीचा पट्टा होणार, ढाळ बाहेरच्या बाजूला. पावसाचा थेंब पायाशी थांबणार नाही. तिथे मी ऐकणार नाही. पण चारी आता फाटकाबाहेर जाणार नाही. ती वळवून कोपऱ्यातल्या आळ्यात नेणार. पाणी आपल्याच जागेत मुरेल, केळीच्या मुळाशी, घरापासून दूर. त्याला 'जा' म्हणणार नाही, फक्त जरा तिकडे सरकून बस म्हणणार.

दुपारी गच्चीवर गेले आणि तुमचं ते भेंडोळं खाली आणलं. उन्हाने वरची वेटोळी कडक झालीत, आतली चांगली आहे. ह्यांनी आणि मी मिळून ती घराभोवती अंथरून बघितली. पुरते, आबा. वर थोडी उरते. पट्टा झाला की त्याच्या कडेने घालणार आणि होळी ते मृग टाकीचं पाणी थेंब थेंब सोडणार, चारही बाजूंना सारखं. तुमच्या बादलीपेक्षा बरं. तुम्ही ती कशासाठी आणली होती हे मी तुम्हाला कधी नीट विचारलंच नाही. "कामाले येते" एवढ्यावर आपलं निभावलं.

संध्याकाळी घागरीतलं पाणी झाडाला घालायचं. सासूबाईंनी शिकवलेलं. पण तुमच्या झाडाची जागा रिकामी होती. मी घागर कमरेवर घेतली आणि घराला वळसा घालायला निघाले. तुम्ही घालायचात तशीच, भिंतीच्या बुडाला, हळूहळू. माती इतकी तहानलेली की पाणी पडल्या पडल्या आवाज करून आत जात होतं. बोळात, पुढच्या अंगणात, न्हाणीपाशी, आणि शेवटी तुमच्या खिडकीखाली. घागर रिकामी झाली. मला तुमची आठवण आली असं नाही लिहीत, ती जात नाही तर येईल कुठून. मला तुमचा राग आला. एवढं बरोबर होतात तर जरा जोरात भांडायचं होतं ना. आणि लगेच हसू आलं, कारण तुम्ही जोरात भांडला असतात तर मी मुळीच ऐकलं नसतं.

मग आत येऊन खळ केली आणि तड्यावर नवी पट्टी लावली. ह्या महिन्याचं पान फाडता येईना, म्हणून तुम्ही गेलात त्या महिन्याचं घेतलं.

हे लिहीत मागच्या खोलीतच बसले आहे. आत्ता चिरंजीव दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा हातात घेऊन नव्या पट्टीकडे वळले. ज्याने कधी आपल्या भांडणात तोंड उघडलं नाही, तो माणूस घसा साफ करून, अगदी तुमच्या बोलीत म्हणाला,

"बोलली का व भिंत?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ताच पाणी पाजलंय तिला."